अल् स्मिथ : एका राज्याच्या मापाचे राजकारण

अमेरिकेचे राजकारण बाहेरच्या वाचकाला बहुधा वॉशिंग्टनवरून, म्हणजे अध्यक्ष, काँग्रेस आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यावरून परिचित असते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत सामान्य अमेरिकन माणसाच्या रोजच्या जगण्याला भिडणारे बहुतेक कायदे वॉशिंग्टनमध्ये होतच नव्हते. कारखान्यात बाईने किती तास राबावे, गिरणीत किती वर्षांच्या मुलाला घ्यावे, इमारतीला किती जिने असावेत, घरभाडे किती वाढवता यावे, शाळेला पैसा कोणी द्यावा, हे सारे विषय राज्यांच्या अखत्यारीत होते, कारण केंद्राला नेमून दिलेल्या अधिकारांपलीकडचे अधिकार अमेरिकेच्या घटनेने राज्यांकडे आणि जनतेकडे राखून ठेवले होते. प्रत्येक राज्याला स्वतःची घटना, स्वतःचे विधिमंडळ, स्वतःची न्यायालये आणि लोकांनी थेट मतदानाने निवडलेला गव्हर्नर असे. भारतातील राज्यपाल हा नियुक्त घटनात्मक प्रमुख असतो. अमेरिकन गव्हर्नर मात्र स्वतः प्रशासन चालवतो, विधेयकांवर सही करतो किंवा नकाराधिकार वापरतो, आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब देतो. या राज्यपातळीवर किती मोठे काम करता येते आणि त्या कामाची सीमा कोठे येते, या दोन्ही गोष्टी न्यूयॉर्कचे आल्फ्रेड इमॅन्युएल स्मिथ यांच्या कारकिर्दीत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही राजकारण्याच्या कारकिर्दीत क्वचितच दिसतात. अल् स्मिथ या नावानेच ते सर्वत्र ओळखले गेले.

स्मिथ यांचा जन्म 30 डिसेंबर 1873 रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडील साउथ स्ट्रीट या रस्त्यावर झाला. ईस्ट नदीच्या काठावरची ही वस्ती गोदीकामगार, खलाशी, गाडीवान आणि नुकत्याच बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांनी गजबजलेली होती, आणि तिच्या डोक्यावर त्याच वर्षांत ब्रुकलिनच्या पुलाचे काम चालू होते. वडील घोडागाड्यांवर मालवाहतुकीचा लहानसा धंदा करीत. त्यांच्याकडून इटालियन आणि जर्मन, तर आईकडून आयरिश वारसा आलेला होता. वडील 1886 मध्ये वारले तेव्हा घरात साठवलेला पैसा नव्हता. आईने छत्र्यांच्या कारखान्यात काम धरले आणि मुलाने आठवीही पुरी न करता शाळा सोडली. पुढे काही वर्षे त्यांनी फुल्टन मासळी बाजारात आठवड्याला 12 डॉलरवर काम केले. विधिमंडळातील सहकारी आपापल्या विद्यापीठांच्या पदव्या सांगत असताना आपली पदवी फुल्टन फिश मार्केटची आहे, असे स्मिथ सांगत. या बोलण्याला हशा मिळे, परंतु त्यामागचा मुद्दा खरा होता, कारण मजुरीवर जगणाऱ्या घरात एक कमावता माणूस गेला की काय होते याचे ज्ञान ज्या थोड्या आमदारांना स्वानुभवाने होते त्यांत स्मिथ होते.

राजकारणाचे दार त्यांना टॅमनी हॉलने उघडून दिले. टॅमनी हॉल ही मॅनहॅटनमधील डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. तिची रचना वॉर्डापासून, इमारतीच्या जिन्यापासून सुरू होई. वस्तीतल्या कोणाला नोकरी हवी असली, कोणाचा मुलगा पोलिसांनी धरला असला, कोणाच्या घरी हिवाळ्यात कोळसा नसला, तर टॅमनीचा स्थानिक पुढारी धावून येई आणि त्याच्या बदल्यात निवडणुकीच्या दिवशी त्या घराची मते पक्षाला पडत. या यंत्रणेत लाचलुचपत, कंत्राटांतील वाटा आणि बोगस मतदान यांचा सुळसुळाट होता, हे सुधारणावाद्यांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु ज्या काळात शासनाने गरिबाची काहीच जबाबदारी घेतलेली नव्हती, त्या काळात गरिबाच्या दारापर्यंत पोहोचणारी ती एकमेव राजकीय संस्था होती, आणि तिच्यात वाढलेला माणूस लोकांच्या गरजांविषयी ऐकीव माहितीवरून बोलत नसे, हेही तितकेच खरे आहे. स्मिथ यांना 1895 मध्ये ज्युरींच्या आयुक्तांच्या कचेरीत समन्स बजावण्याची नोकरी मिळाली ती या ओळखीतूनच, आणि 1903 च्या नोव्हेंबरमध्ये स्थानिक पुढारी टॉम फोली यांच्या पाठिंब्याने ते राज्य विधिमंडळाच्या असेंब्ली या कनिष्ठ सभागृहात निवडून गेले तेही त्यातूनच.

न्यूयॉर्क राज्याची राजधानी न्यूयॉर्क शहर नव्हे, तर हडसन नदीच्या वरच्या अंगाला असलेले ऑल्बनी हे गाव. असेंब्लीचे 150 सभासद त्या वेळी दरवर्षी निवडले जात, त्यांना वर्षाला 1500 डॉलर मिळत, आणि अधिवेशन जानेवारीत सुरू होऊन वसंतापर्यंत चाले. पहिली दोन अधिवेशने स्मिथ जवळजवळ मूकच होते. त्यांच्या मेजावर रोज विधेयकांची चळत येऊन पडे, आणि कायद्याच्या भाषेत लिहिलेली ती कलमे, पोटकलमे, आधीच्या कायद्यातील अमुक ओळीऐवजी तमुक ओळ घालण्याच्या सूचना त्यांना मुळीच उलगडत नसत. ते निराश झालेले पाहून फोली यांनी त्यांच्यासाठी शहरातील दुसऱ्या नोकरीची तजवीज करण्याची तयारी दाखविली. स्मिथ यांनी ती नाकारली आणि ऑल्बनीतल्या भाड्याच्या खोलीत रात्री बसून विधेयके वाचण्याचा क्रम धरला. जर्मनीत जन्मलेले, वकील झालेले रॉबर्ट वॅग्नर हे नवे सभासद त्यांचे त्या खोलीतील सोबती होते. आधी विधेयक, मग ते ज्या मूळ कायद्यात बदल करते तो कायदा, मग त्या कायद्याला पैसा पुरविणारे अर्थसंकल्पातील कलम, असे मागे मागे जात वाचण्याची ही सवय वर्षानुवर्षे टिकली. बहुतेक सभासद पक्षनेत्याच्या खुणेवर मत देत असताना हा आठवीही पुरी न केलेला माणूस अमुक खात्याला गेल्या वर्षी किती रक्कम दिली आणि ती कशावर खर्च झाली हे टिपण न पाहता सांगू लागला. त्यांच्या पुढील सर्व यशाचे मूळ या वाचनात आहे. त्यांचे वक्तृत्व, त्यांची तपकिरी डर्बी टोपी आणि तोंडातली सिगार यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी ऑल्बनीतील विरोधक धास्तावत ते त्यांच्या आकड्यांना. डेमोक्रॅटिक पक्षाला 1911 मध्ये बहुमत मिळाले तेव्हा स्मिथ असेंब्लीत बहुमत पक्षाचे नेते आणि वित्त समितीचे प्रमुख झाले, तर वॅग्नर सिनेट या वरिष्ठ सभागृहाचे नेते झाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत दोन घटना घडल्या. 24 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने कामगार भरपाईचा नवा कायदा घटनाबाह्य ठरविला. कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी अशी त्या कायद्याची तरतूद होती, आणि न्यायालयाच्या मते चूक नसताना मालकाला पैसे द्यावयास लावणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावून घेणे होते. सहाच वर्षांपूर्वी, 1905 मध्ये, बेकरी कामगारांना दिवसाला 10 तासांची मर्यादा घालणारा न्यूयॉर्कचाच कायदा वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने करारस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला होता. म्हणजे कायदा नुसता करून भागत नव्हते. तो न्यायालयात टिकेल असा, आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या भक्कम पुराव्यावर उभा करावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवार 25 मार्च रोजी दुपारी पावणेपाचच्या सुमारास, कामाची सुटी होण्याच्या वेळी, वॉशिंग्टन स्क्वेअरजवळील ॲश बिल्डिंग या दहा मजली इमारतीत आग लागली. वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल वेस्ट कंपनीचा कारखाना होता. तेथे शर्टवेस्ट, म्हणजे शर्टाच्या घाटाचे बायकांचे झंपर, शिवले जात, आणि शिवणाऱ्या बहुतेक मुली पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू किंवा इटालियन होत्या. आठव्या मजल्यावरील कातरणीच्या मेजांखाली साचलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर कचेरी होती, तेथे दूरध्वनीने निरोप गेला आणि जवळजवळ सर्वजण छतावरून निसटले. नवव्या मजल्याला निरोप पोहोचलाच नाही. तेथील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते, कारण कामावरून जाताना प्रत्येक मुलीची पिशवी तपासता यावी म्हणून मालक एकच वाट उघडी ठेवीत. मागच्या बाजूचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने मोडून कोसळला. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. खिडक्यांतून उड्या टाकलेल्या मुली धरून 146 माणसे अर्ध्या तासाच्या आत मेली. इमारत स्वतः अग्निरोधक म्हणून बांधलेली होती आणि आगीनंतरही उभी राहिली. आजही ती उभी आहे. कुलपाच्या प्रश्नावर मालकांवर खटला झाला, परंतु दार बंद असल्याचे त्यांना त्या क्षणी माहीत होते हे निःसंशय सिद्ध न झाल्याने डिसेंबर 1911 मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले.

मृतांपैकी अनेकजणी स्मिथ यांच्या परिसरातील वस्त्यांमध्ये राहणाऱ्या होत्या. ते त्यांच्या घरी गेले, प्रेते ओळखण्यासाठी रांगा लागलेल्या तात्पुरत्या शवागारातही गेले. टॅमनीच्या रीतीप्रमाणे दुःखात हजेरी लावणे हे पुढाऱ्याचे कर्तव्यच होते. स्मिथ यांनी त्यापुढे जाऊन विधिमंडळाची चौकशी समिती नेमण्याचा आग्रह धरला. नामवंत नागरिकांनी समाजसेवी मंडळींची समिती नेमावी असे सुधारणावाद्यांना वाटत होते, तेव्हा आमदारांनी स्वतः नेमलेल्या, स्वतः सभासद असलेल्या समितीच्या शिफारशी आमदार टाकून देऊ शकत नाहीत, असा व्यवहारी सल्ला त्यांनी दिला. 30 जून 1911 च्या कायद्याने कारखाना चौकशी आयोग अस्तित्वात आला. वॅग्नर त्याचे अध्यक्ष आणि स्मिथ उपाध्यक्ष झाले. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाचे सॅम्युअल गॉम्पर्स आणि स्त्री-कामगार चळवळीतील मेरी ड्रायर हेही सभासद होते. साक्षीदारांना बोलावण्याचा आणि शपथेवर विचारण्याचा अधिकार आयोगाला होता, आणि आयोगाने केवळ आगीपुरते न पाहता कामाचे तास, रात्रपाळी, विषारी द्रव्ये, बालमजुरी, घरोघरी चालणारी शिवणकामे, अन्नाच्या कारखान्यांतील अस्वच्छता असा सारा पसारा तपासायला घेतला.

आयोगाच्या तपासनिसांत फ्रान्सिस पर्किन्स ही तिशीतली समाजकार्यकर्ती होती; ट्रँगलची आग लागली त्या दुपारी ती जवळच होती आणि तिने मुलींना उड्या टाकताना प्रत्यक्ष पाहिले होते. आमदारांना अहवाल वाचायला देण्यापेक्षा जागेवर नेऊन उभे करावे हे तिने ठरविले. दोरखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका तिने स्मिथ यांना फाटकाशी उभे राहून पाहायला लावल्या. एका कारखान्यात ‘आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग’ अशी पाटी लावलेल्या भिंतीतील लहानशा भोकातून तिने वॅग्नर यांना सरपटत बाहेर काढले. पलीकडे बर्फाने माखलेली लोखंडी शिडी होती आणि ती जमिनीपासून सुमारे बारा फुटांवरच संपत होती. डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत शेंगा सोलणारी आणि घेवडे निवडणारी पाच-सहा वर्षांची मुलेही त्यांनी पाहिली. पक्षाच्या शिस्तीत वाढलेल्या दोन नेत्यांना या फिरतीने जे शिकविले, ते पुढे त्यांनी मांडलेल्या कलमांच्या नेमकेपणात उतरले.

1912 ते 1914 या काळात आयोगाच्या शिफारशींवरून तीसहून अधिक कायदे झाले. कामाच्या वेळी कारखान्याचे दार कुलूपबंद ठेवण्यास बंदी झाली, दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत असे ठरले, आग लागल्यास बाहेर पडण्याची कवायत सक्तीची झाली, उंच इमारतींत उष्णतेने आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसवावी लागली, स्त्रियांची रात्रपाळी कारखान्यांत बंद झाली, आणि स्त्रिया व अल्पवयीन मुले यांच्यासाठी आठवड्याला 54 तासांची मर्यादा आली. राज्याच्या कामगार खात्याची पुनर्रचना होऊन तपासनिसांची संख्या वाढली आणि बदलत्या धंद्यांसाठी नियम करण्याचा अधिकार एका औद्योगिक मंडळाला मिळाला. या शेवटच्या तरतुदीकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते, तरी तीच सर्वांत दूरदृष्टीची होती, कारण प्रत्येक नव्या यंत्रासाठी विधिमंडळाकडे धावण्याची गरज तिने संपविली. 54 तासांच्या कायद्यातून डबाबंद अन्नाचे कारखाने 1912 मध्ये वगळले गेले होते; फळे-भाज्या नासतात, थांबून चालत नाही, हा मालकांचा युक्तिवाद होता. सात दिवसांत एक दिवस सक्तीच्या विश्रांतीचे विधेयक आले तेव्हा मालकांनी तीच सवलत पुन्हा मागितली. त्यावर स्मिथ यांनी सभागृहात सांगितले की, विश्रांतीचा दिवस पवित्र मानण्याची बायबलातील आज्ञा आपण नीट वाचली असून तिच्यात डबाबंद कारखान्यांचा अपवाद कोठे आढळला नाही. कलम वाचणाऱ्या माणसाने दिलेले ते उत्तर होते, आणि धर्मनिष्ठ ग्रामीण सभासदांना त्याचा प्रतिवाद करणे अवघड गेले. 24 मार्चच्या निकालाने मोडलेला भरपाई कायदा राज्यघटनेत दुरुस्ती करून 1913 अखेरीस पुन्हा संमत झाला. त्या वर्षी स्मिथ असेंब्लीचे स्पीकर, म्हणजे सभापती होते.

मात्र त्याच 1913 सालावर एक डागही आहे. गव्हर्नर विल्यम सल्झर हे टॅमनीच्याच पाठिंब्याने निवडून आले होते. त्यांनी नेमणुकांच्या बाबतीत टॅमनीचे सर्वेसर्वा चार्ल्स मर्फी यांचे ऐकणे सोडले, तेव्हा स्मिथ यांच्या अध्यक्षतेखालील असेंब्लीने ऑगस्टमध्ये त्यांच्यावर महाभियोग आणला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. निवडणूक निधीचा हिशेब सल्झर यांनी खोटा दिला होता हे खरे. परंतु मर्फींशी ते एकनिष्ठ राहिले असते तर तो हिशेब कोणी तपासला नसता, हेही उघड आहे. स्मिथ यांनी या प्रकरणात पक्षाचा हुकूम पाळला. कामगार कायद्यांना मर्फींनी आडकाठी केली नाही, कारण स्थलांतरित मजुरांची मते समाजवाद्यांकडे वळू नयेत हा त्यांचा हिशेब होता आणि स्मिथ व वॅग्नर यांच्यावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाची किंमत अशा प्रसंगी चुकती करावी लागे.

1915 मध्ये राज्याची घटना नव्याने लिहिण्यासाठी परिषद भरली. तिचे अध्यक्ष एलिहू रूट हे माजी परराष्ट्रमंत्री आणि देशातील अग्रगण्य वकील होते, आणि बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते. तेथे राज्यकारभाराच्या प्रत्येक अंगाची जी माहिती स्मिथ यांनी मांडली तिने विरोधी पक्षातील विद्वान थक्क झाले. परिषदेने तयार केलेली घटना मतदारांनी फेटाळली, परंतु विस्कळीत खाती एकत्र करावीत आणि अर्थसंकल्प गव्हर्नरने तयार करावा या तिच्यातील दोन कल्पना स्मिथ यांच्या मनात राहिल्या. त्यानंतर न्यूयॉर्क काउंटीचे शेरीफ हे बक्कळ उत्पन्नाचे पद आणि शहराच्या आल्डरमन मंडळाचे अध्यक्षपद भूषवून 1918 मध्ये ते सुमारे 15000 मतांच्या निसटत्या फरकाने गव्हर्नर झाले. न्यूयॉर्कच्या स्त्रियांना 1917 मध्ये मताधिकार मिळाला होता आणि गव्हर्नरपदासाठी त्या प्रथमच मत देत होत्या. या मतदारांसमोर गंभीरपणे, धोरणाची भाषा बोलावी हा सल्ला त्यांना बेल मॉस्कोविट्झ या ज्यू समाजकार्यकर्तीने दिला. पुढील दहा वर्षे मॉस्कोविट्झ त्यांच्या सर्वांत जवळच्या सल्लागार राहिल्या. मोठमोठ्या बैठकींत त्या कोपऱ्यात बसून विणकाम करीत असत, आणि चर्चा संपली की स्मिथ त्यांच्याकडे वळून मत विचारीत.

गव्हर्नरची मुदत तेव्हा दोन वर्षांची होती. 1920 च्या रिपब्लिकन लाटेत स्मिथ हरले. परंतु अध्यक्षपदाचा डेमोक्रॅटिक उमेदवार त्या राज्यात दहा लाखांहून अधिक मतांनी मागे पडला असताना स्मिथ केवळ पाऊण लाख मतांनी हरले, आणि पराभवातूनच त्यांची लोकप्रियता सर्वांच्या नजरेत भरली. 1922, 1924 आणि 1926 या तिन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या. पहिल्या कारकिर्दीतील त्यांचे सर्वांत धैर्याचे काम कामगार कायद्यांशी संबंधित नव्हते. रशियन क्रांतीनंतर अमेरिकेत साम्यवादाची भीती पसरली असताना, जानेवारी 1920 मध्ये असेंब्लीने रीतसर निवडून आलेल्या पाच समाजवादी सभासदांना सभागृहात बसू दिले नाही आणि एप्रिलमध्ये त्यांना काढूनच टाकले. समाजवादी पक्ष स्मिथ यांच्या पक्षाचा प्रतिस्पर्धी होता, तरीही मतदारांनी निवडलेला प्रतिनिधी केवळ त्याच्या विचारांमुळे नाकारणे म्हणजे लोकशाही शासनालाच नाकारणे होय, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे घेतली. शिक्षकांना निष्ठेचे प्रमाणपत्र घ्यावयास लावणारी आणि खाजगी शाळांवर परवान्याची सक्ती करणारी विधेयके त्यांनी नकाराधिकाराने रोखली. उत्तराधिकारी गव्हर्नरने ती संमत केली, तेव्हा 1923 मध्ये परत येऊन त्यांनी ती रद्द करविली.

या वर्षांत विधिमंडळ बहुतांशी रिपब्लिकन पक्षाच्या हाती होते, आणि त्याला मतदारांच्या इच्छेइतकीच 1894 च्या घटनेतील जागावाटपाची रचना कारणीभूत होती. कोणत्याही एका काउंटीला सिनेटच्या एक तृतीयांशाहून अधिक जागा मिळू नयेत, आणि शेजारच्या किंवा मध्ये केवळ जलप्रवाह असलेल्या दोन काउंटींना मिळून निम्म्याहून अधिक मिळू नयेत, अशी तरतूद तिच्यात होती. लोकसंख्या कितीही वाढली तरी न्यूयॉर्क शहराच्या हाती राज्य जाऊ नये हाच तिचा हेतू. स्मिथ यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे लोकांशी थेट बोलणे. ते लिहिलेले भाषण वाचत नसत. वापरलेल्या पाकिटांच्या मागे चार-दोन शब्द आणि आकडे खरडून आणीत, आणि एकेक पाकीट हातात घेऊन अमुक विधेयक कोणत्या समितीत, कोणत्या तारखेला, कोणी अडवले हे श्रोत्यांना समजावून देत. राज्याचा अर्थसंकल्प हा विषय हजारोंच्या सभेत रंगविता येतो, हे त्यांनी सिद्ध केले, आणि रेडिओ आल्यावर हीच पद्धत घराघरांत पोहोचली.

प्रशासनाची पुनर्रचना हे त्यांचे गव्हर्नर म्हणून सर्वांत टिकाऊ काम होय. कालौघात एकेका कायद्याने निर्माण झालेली मंडळे, आयोग आणि कचेऱ्या यांची संख्या दीडशेच्या वर गेली होती. त्यांतील अनेकांचे प्रमुख गव्हर्नरला उत्तरदायी नव्हते, आणि प्रत्येक कचेरी आपली मागणी परस्पर विधिमंडळाकडे पाठवून पैसा मिळवीत असे. तरुण रॉबर्ट मोझेस यांनी 1919 मध्ये या गोंधळाचा सविस्तर अहवाल तयार केला होता. 1925 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मान्य केली, आणि खात्यांची संख्या वीसच्या मर्यादेत आणण्याची तपशीलवार योजना आखण्यासाठी जो आयोग नेमला गेला त्याचे नेतृत्व चार्ल्स एव्हान्स ह्यूज या रिपब्लिकन पक्षाच्या माजी गव्हर्नरांकडे होते. ज्या सुधारणेने गव्हर्नरपदाचे बळ वाढणार होते ती विरोधी पक्षाच्या सर्वांत प्रतिष्ठित माणसाच्या सहीने यावी, यात स्मिथ यांचे राजकीय कौशल्य पणाला लागलेले दिसते. याच काळात उद्यानांसाठी 1 कोटी 50 लाख डॉलरचे कर्जरोखे, भाडेवाढीला आळा घालणारे तातडीचे कायदे, गृहनिर्माणाचा 1926 चा कायदा आणि शाळांना राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानात कित्येक पटींची वाढ, अशी कामे झाली. पर्किन्स यांना त्यांनी 1919 मध्येच राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमले होते.

राष्ट्रीय पातळीवर मात्र स्मिथ यांच्या वाट्याला वेगळाच अनुभव आला. ते आयरिश वळणाचे रोमन कॅथलिक होते, दारूबंदीचे विरोधक होते, टॅमनीचे होते आणि त्यांच्या उच्चारांत न्यूयॉर्कच्या गल्ल्या ऐकू येत; यांपैकी प्रत्येक गोष्ट दक्षिणेकडील आणि मध्यभागातील प्रॉटेस्टंट, ग्रामीण अमेरिकेला खुपणारी होती. 1924 च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या गुप्त संघटनेचा नाव घेऊन निषेध करण्याचा ठराव अगदी थोडक्यात पडला, आणि उमेदवार ठरविण्यासाठी 103 वेळा मतदान होऊन अखेर स्मिथ किंवा त्यांचे प्रतिस्पर्धी यांच्याऐवजी जॉन डेव्हिस या तिसऱ्याच गृहस्थांची निवड झाली. 1927 मध्ये एका वकिलाने मासिकातून जाहीर पत्र लिहून, पोपच्या शिकवणुकीशी बांधलेला माणूस अमेरिकेच्या घटनेशी एकनिष्ठ राहू शकेल काय, असा प्रश्न विचारला आणि पोपच्या अनेक पत्रकांचे दाखले दिले. जन्मभर चर्चला जाणाऱ्या स्मिथ यांनी त्यांपैकी बहुतेकांचे नावही ऐकलेले नव्हते. चर्च आणि शासन पूर्णपणे वेगळे असावेत, आणि आपल्या सार्वजनिक कामात या दोहोंचा कधी झगडा झालेला नाही, असे विस्तृत उत्तर त्यांनी दिले. 1928 मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात त्यांना उमेदवारी मिळाली आणि मोठ्या पक्षाचे ते पहिले कॅथलिक उमेदवार ठरले. नोव्हेंबरमध्ये हर्बर्ट हूव्हर यांना अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची 444, तर स्मिथ यांना 87 मते मिळाली. स्वतःचे न्यूयॉर्क राज्यही त्यांनी गमावले, आणि त्याच दिवशी त्यांच्याच आग्रहाखातर उभे राहिलेले फ्रँकलिन रूझवेल्ट तेथे गव्हर्नर म्हणून थोडक्या मतांनी निवडून आले. त्या वर्षीच्या भरभराटीत कोणताही डेमोक्रॅट जिंकला असता असे म्हणणे कठीण आहे, त्यामुळे पराभवाचे सारे खापर धर्मद्वेषावर फोडता येत नाही. परंतु प्रचारात पसरविलेला विषार खरा होता आणि तो स्मिथ यांना आयुष्यभर बोचत राहिला. दुसरीकडे, मोठ्या शहरांतील स्थलांतरितांच्या मुलांनी त्यांना जी मते दिली, तीच पुढे रूझवेल्ट यांच्या विजयांचा पाया ठरली.

यानंतर स्मिथ एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष झाले. 102 मजल्यांची ती इमारत 1 मे 1931 रोजी उघडली तेव्हा महामंदी सुरू झालेली होती आणि तिचे बहुसंख्य मजले भाडेकरूंविना पडून राहिले. ऑल्बनीत रूझवेल्ट आपला सल्ला घेतील ही स्मिथ यांची अपेक्षा फोल ठरली होती, मॉस्कोविट्झ यांनाही नव्या गव्हर्नरने दूर ठेवले होते, आणि 1932 ची उमेदवारीही रूझवेल्ट यांनीच मिळविली. 1934 मध्ये बड्या उद्योगपतींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अमेरिकन लिबर्टी लीग या संस्थेत स्मिथ सामील झाले, जानेवारी 1936 मध्ये वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलातील भोजनसमारंभात त्यांनी अध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीनिवारणाच्या केंद्रीय कार्यक्रमावर कडवी टीका केली, आणि 1936 व 1940 मध्ये रिपब्लिकन उमेदवारांना पाठिंबा दिला.

या वळणाचा अर्थ केवळ दुखावलेल्या मनाने किंवा श्रीमंतांच्या सहवासाने लावणे अपुरे आहे. वैयक्तिक कटुता होतीच. परंतु स्मिथ यांचा सारा अनुभव एका राज्याचा होता. मजुरांचे रक्षण शासनाने करावे हे त्यांना मान्य होते, मात्र ते शासन ऑल्बनीत बसलेले, मतदारांच्या नजरेच्या टप्प्यातले असावे अशी त्यांची धारणा होती, आणि दारूबंदी ही केंद्राने राज्यांवर लादलेल्या सक्तीची वाईट उपज आहे असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. महामंदीने मात्र हे दाखवून दिले की कोट्यवधी लोक बेकार झाल्यावर कोणत्याही एका राज्याची तिजोरी पुरत नाही, आणि एका राज्याने मजुरी वाढविली की कारखाने शेजारच्या राज्यात जातात. ऑल्बनीतील त्यांचे सोबती हे ओळखून पुढे गेले. पर्किन्स 1933 मध्ये केंद्राच्या कामगारमंत्री, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री, झाल्या. वॅग्नर यांनी केंद्रीय सिनेटमधून 1935 मध्ये कामगारांना संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा कायदा करून घेतला. त्या दोघांच्या हातून जे घडले त्याची तालीम स्मिथ यांच्याबरोबर झालेली होती. स्मिथ यांनी मात्र त्याला शेवटपर्यंत आपले मानले नाही, आणि हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत खेदाचा भाग आहे.

स्मिथ 4 ऑक्टोबर 1944 रोजी, पत्नीच्या निधनानंतर पाच महिन्यांनी वारले. युरोपातील युद्धाच्या प्रश्नावर त्यांनी त्याआधीच रूझवेल्ट यांच्या धोरणाला पाठिंबा दिला होता आणि दोघांतील अबोला मिटला होता. न्यूयॉर्कच्या कामगार कायद्यात सात दिवसांत एक दिवस विश्रांतीचे कलम आजही आहे, आणि राज्याच्या सर्व खात्यांच्या मागण्या एकत्र करून एकच अर्थसंकल्प गव्हर्नरने विधिमंडळापुढे ठेवावा ही तेथील पद्धत 1927 मध्ये त्यांनी मतदारांकडून संमत करून घेतलेल्या घटनादुरुस्तीतून आलेली आहे.